वाचकांच्या कुंड्या
(रोजनिशीतील पाने)

२ एप्रिल २०२५

जून-जुलैचा अंक छपाईला जाण्याआधी वाचकांचं मत घ्यायचं, हे फेब्रुवारीच्या बैठकीतच ठरलं होतं. आमच्या मंडळाचं बागेवरचं चार पानांचं द्वैमासिक पत्रक ते केवढं, त्याला सर्वेक्षण कशाला, असंही काहींचं म्हणणं होतं. पण कागद महागला, छपाई महागली आणि शेवटच्या पानावर जाहिरात देणाऱ्या बियाणांच्या दुकानदारानं मागच्या महिन्यात सरळ विचारलं, "मॅडम, हे वाचतं कोण?" त्याला उत्तर हवंय. मलाही हवंय. त्याला आकडा पुरेल, मला नाही पुरणार.

सरांनी आज प्रश्नावलीचा कच्चा कागद आणून दिला. कृषी महाविद्यालयात जन्म गेल्यामुळे त्यांचा कागदही परीक्षेच्या पेपरासारखा. 'पत्रकातील माहिती आपणांस उपयुक्त वाटते काय?' 'भाषा सुबोध आहे काय?' पुढे एक ते पाच गुणांचे चौकोन. मी म्हटलं, "सर, पंगतीत यजमान 'जेवण कसं झालं?' विचारत आला, तर आमटीत मीठ कमी होतं असं कोणी सांगतं का?" सर हसले. कागद मात्र बदलला नाही. अंकासोबत तोच जाणार.

५ एप्रिल

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात आपल्या मंडळींनी एका कोपऱ्यात टेबल टाकलं होतं. त्यावर ठेवलेली अभिप्रायाची वही आज माळ्यावरून काढून पुन्हा वाचली. 'स्तुत्य उपक्रम.' 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' 'खूपच छान माहिती, धन्यवाद.' एका मुलानं पानभर हत्ती काढलाय. एका गृहस्थांनी स्वतःच्या कवितासंग्रहाची माहिती आणि किंमत लिहिली आहे.

या सगळ्यात, पेन नीट चालत नसल्यामुळे दोनदा गिरवलेली एक ओळ सापडली : 'आमच्या गॅलरीत ऊन येत नाही. आम्ही काय वाचायचं?' खाली नाव नाही, पत्ता नाही. प्रदर्शनाच्या त्या गर्दीत ही ओळ कोणी वाचलीही नसेल. आपले मागचे चार अंक काढून पाहिले. गच्ची, गच्ची, बंगल्याभोवतीची जागा, गच्ची. ऊन आहेच, हे धरून चाललेलं सगळं.

११ एप्रिल

भरलेले कागद परत यायला लागले. बहुतेक सगळीकडे पाचपैकी पाच. दोघांनी चार दिले, आणि त्यांतल्या एकानं 'चार का, तर पाच दिले की माणूस आळशी होतो' असं समासात लिहिलं. हा सदाशिव पेठेतला असणार, असं मी पत्ता बघायच्या आधीच म्हटलं. निघाला नारायण पेठेतला.

एका निवृत्त शिक्षकांनी प्रश्नावली कोरीच ठेवली, पण एप्रिल-मेचा अख्खा अंक तांबड्या शाईनं तपासून परत पाठवला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, दोन ठिकाणी अनुस्वार, एके ठिकाणी 'हे वाक्य कोणाचे?' पिठ्या ढेकणावरच्या मजकुरात मात्र एकही खूण नाही. तो भाग त्यांना पटला की त्यांनी तो वाचलाच नाही, हे कळायला मार्ग नाही. तरी या माणसानं अंक शेवटच्या ओळीपर्यंत नजरेखालून घातला आहे. पाचपैकी पाच देणाऱ्यांबद्दल एवढंही छातीठोक सांगता येणार नाही.

'पुढील अंकात काय वाचायला आवडेल?' या प्रश्नाला आलेली उत्तरं : ऑर्किड, बोन्साय, रंगीत फोटो, आणि वास्तुशास्त्राप्रमाणे कोणत्या दिशेला कोणतं झाड. वास्तूची मागणी चांगली दणदणीत आहे. ती मी संपादक असेपर्यंत पुरी होणार नाही. दिशेचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला पत्रिका लागत नाही, सूर्य लागतो. पश्चिमेच्या गॅलरीत आत्ता दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन भाजतं. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर ऊन लागणारी बाजू हाताला चटका देते, आणि त्या बाजूची मुळं आधी जातात. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे दोन-तीन तास मिळाले तरी पालेभाजी होते. उत्तरेला अळू, पुदिना, मनीप्लांट. अंकात हे कधी एका जागी आलेलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

ज्यांचे कागद आले नाहीत त्यांच्या घरी, अंक पोचला का ते बघायच्या निमित्तानं, आज स्वतःच गेले. सहकारनगर, मग कोथरूड. काही विचारायचं नाही, फक्त मागचा अंक घरात कुठं आहे ते बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

पहिल्या घरी तो फ्रिजवर चुंबकाखाली होता, दुमडलेला, न उघडलेला. दुसऱ्या घरी चौथं पान तेवढं कात्रीनं कापून कालनिर्णयाला टाचलेलं, दुधाच्या हिशेबाशेजारी. चौथं पान म्हणजे 'या महिन्यातली कामं'. उरलेली तीन पानं मला काकूंनीच दाखवली. सांडशी काढायला खण ओढला, तर तळाशी अंथरलेली. वर सरांचा जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावरचा लेख, त्यावर किसणी. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. सरांना सांगायचं कसं, एवढाच प्रश्न.

तिसरं घर एका आजींचं. वय ऐंशीच्या पुढं, गच्चीवर जिना चढून जातात, सून ओरडते. त्यांनी अंकाची फाईल केली आहे आणि समासात पेन्सिलीनं नोंदी आहेत. तांबड्या भोपळ्याच्या हातानं करायच्या परागीकरणावर फेब्रुवारीच्या अंकात टिपण होतं : मादीफुलाच्या मागं बारीक फळ असतं, नरफुलाला नुसता दांडा, पहाटे फूल उमललं की नरफुलाचा पराग मादीफुलाला लावावा. आजींकडं भोपळा नव्हता, दुधी होता. समासात ओळीनं लिहिलंय : 'सकाळी लावलं, गळलं.' 'सकाळी, गळलं.' मग, 'फूल तर संध्याकाळी उमलतंय!' त्याखाली, 'तिन्हीसांजेला लावलं. धरलं.' आणि शेवटी, 'तीन दुधी, एक शेजारी दिला.'

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, हे सरांना पाठ आहे. पण ज्यांना ते ठाऊक नव्हतं त्या आजींनी चार दिवसांत शोधून काढलं, आणि ते आमच्यापर्यंत पोचवायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "एवढ्यासाठी कशाला लिहायचं, तुम्हाला ठाऊकच असणार," म्हणाल्या. त्यांनी प्रश्नावली का भरली नाही, तेही विचारलं. "त्यात हे लिहायला चौकोन नव्हता."

१४ एप्रिल

सरांना खणाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "लेख उलटा अंथरला होता की सुलटा?"

१७ एप्रिल

सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेले होते, मंडळासाठी लाल माती आणि कोकोपीट सांगायला. मालक जुना ओळखीचा, उरुळी कांचनकडचा. वाचक काय म्हणतात हे मी दोन आठवडे कागदावरून शोधत्ये आणि याला ते गल्ल्यावर बसून कळतं. "तुमचा अंक निघाला की आठवडाभर लोक त्यातलंच मागतात. पिवळे चिकट सापळे लिहिलेत, माझ्याकडचे संपले. ब्राह्मी लिहिलीत, मागवावी लागली. गांडूळखत तुम्ही लिहा न लिहा, जातंच."

मला बरं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि दीड-दोन महिन्यांनी तीच माणसं तेच रोप न्यायला परत येतात."

"मेलं म्हणून?"

"मेलं असं कोणी म्हणत नाही हो. 'अजून एक द्या' म्हणतात. गुलाब, तुळस, मोगरा. या तिघांवर माझं घर चाललंय."

परतीच्या रिक्षात हे एकच डोक्यात होतं. लोक आम्हाला पाचपैकी पाच देतात आणि रोपवाटिकेत जाऊन गपचूप दुसरी तुळस आणतात. झाड मेलं की आपला हातगुण वाईट, असं घरोघरी धरून चालतात. त्यात पत्रकाचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात येत नाही. म्हणून कोणी तक्रारही करत नाही. काही महिन्यांनी वर्गणी भरायची राहून जाते, एवढंच.

सरांना रात्री फोन केला. गुलाबाचं कारण त्यांनी लगेच सांगितलं : रोपवाटिकेतलं रोप बहुधा चिकट मातीच्या गोळ्यात येतं. तो गोळा न मोकळा करता हलक्या मिश्रणात ठेवला, तर वरची माती कोरडी दिसते, आतला गोळा ओलाच असतो, आणि माणूस वरचं बघून पुन्हा पाणी घालतो. मुळं कुजतात. "कुंडीतली झाडं तहानेनं मरतात त्यापेक्षा पाण्यानं जास्त मरतात. दोन पेरं बोट खुपसून बघायचं आणि मग तांब्या उचलायचा." मी म्हटलं, "सर, हे अंकात आहे?" म्हणाले, "हे काय लिहायचं असतं?"

२४ एप्रिल

शेजारचे दापोलीला गेलेत. कुंड्यांना पाणी घालायला त्यांच्या कामाच्या मावशी येतात. आमच्या इमारतीतल्या आणि पलीकडच्याही अनेक घरांच्या कुंड्या त्याच बघतात. आज जिन्यात भेटल्या, तर त्यांना मत विचारलं. त्यांच्यापर्यंत आमचं पत्रक पोचतं ते असं : बाईसाहेब वाचतात आणि त्यातलं एखादं वाक्य सांगून गावाला जातात.

"ताई, गरजेपुरतं पाणी घाला म्हणतात. किती तांबे ते सांगा ना. मी मगानं घालते. मोठ्या कुंडीला एक मग, बारक्याला अर्धा. उन्हाळ्यात दोनदा. बरोबर हाय का?"

अगदी बरोबर आहे, आणि आमच्या आजवरच्या कुठल्याही अंकापेक्षा नेमकं आहे. मग त्यांनी एकेक घर सांगायला सुरुवात केली. कोणाच्या गॅलरीत वारा जास्त म्हणून माती लवकर सुकते. कोणाची जास्वंद पांढरी झालीय, "कापूस बसलाय, मुंग्या चढतात त्याच्यावर." म्हणजे पिठ्या ढेकूण, मुंग्या त्याला राखतात आणि फांदीवरून फांदीवर नेतात. कोणाच्या खरकट्याच्या खताच्या बादलीत बोटाएवढ्या अळ्या झाल्यात आणि बाईसाहेबांनी घाबरून सगळं फेकायला लावलं. त्या अळ्या खत लवकर करतात, माणसाला किंवा झाडाला काही करत नाहीत. वरून मूठभर वाळका पाला टाकला की वास आणि माश्या दोन्ही कमी.

"आणि तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या त्या चिनी मातीच्या कुंड्या हायत ना, त्यांना खाली भोकच न्हाई."

"मग सांगितलंत का त्यांना?"

"मी सांगून कोण ऐकतंय? तुम्ही लिहा. कागदात आलं की ऐकतात."

त्या साहेबांचा भरलेला कागद माझ्या टेबलावर आहे. पाचपैकी पाच.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आज वेलभाज्यांची आळी करायचा दिवस. आमच्या गच्चीवर आळं म्हणजे मंडईतून आणलेला भाजीचा क्रेट, आतून जुन्या साडीचं अस्तर. दोडका आणि कारलं लावलं.

दुपारी टपाल. पुण्याबाहेरच्यांना मी छापील कागदाऐवजी पोस्टकार्डावर हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या, म्हणून असेल, उत्तरंही हातानं लिहिलेली आली. रत्नागिरीहून एक गृहस्थ लिहितात, 'तुमच्या अंकातला पाऊस आमच्याकडे दव म्हणून पडतो.' बरोबर आहे. त्यांच्याकडं हंगामात ३,००० मि.मी.च्या वर पाऊस आणि पुण्यात वर्षाला ७००–७५०. पावसाळ्यात कुंडीला पाणी किती, हे आम्ही लिहितो. कुंडीतून पाणी बाहेर कसं काढायचं, हे त्यांना हवं. शिवाय माकडं. 'माकडांवर अवाक्षर नाही. पुण्यात माकडं नाहीत काय?' याचं उत्तर बैठकीत द्यावं म्हणते.

नागपूरच्या ताई म्हणतात, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, 'हिरवी जाळी न बांधता मिरची जगवून दाखवा.' जाळी किती टक्के सावलीची, वरून बांधायची की पश्चिमेकडून, हे कोणीच सांगत नाही अशी तक्रार आहे.

न्यू जर्सीत असलेल्या एका मुलीला तिची आई इथून अंकाचे फोटो पाठवते. कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत घरात घेतली की पानं गळतात, काय करू, असं तिनं विचारलंय. सर म्हणाले, खिडकीचं ऊन पुरत नाही, हिवाळ्यात झाड झोपतं, पाणी निम्म्याच्या खाली आण आणि खत बंद कर, वसंतात फुटेल. तिला तसं कळवलं. चौथ्या पानावरच्या 'या महिन्यातली कामं' न्यू जर्सीत काय उपयोगाची, ते तिनं सौजन्यानं विचारलं नाही.

६ मे

सर संध्याकाळी आले ते श्री. अ. दाभोलकरांचं बोलायला लागले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांचा मोठा वाटा. शेतकऱ्यानं आपल्या रानात काय करून पाहिलं, काय साधलं, काय फसलं, हे दुसऱ्याला कळवायचं. सगळ्यांनी मिळून त्यातून शिकायचं. वरून कोणी शहाणपण वाटत नाही. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग केली, तीही याच वाटेनं.

मी एवढंच म्हटलं, "सर, दाभोलकरांनी शेतकऱ्यांना एक ते पाच गुण द्यायला सांगितलं असतं का?"

चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. जाताना प्रश्नावलीचा उरलेला गठ्ठा स्वतःच उचलून नेला. पाठकोऱ्या बाजूला हिशेब लिहितात.

१२ मे

ज्यांनी गेल्या वर्षी वर्गणी भरली नाही, त्यांची यादी काढून फोन केले. 'अंक का बंद केलात?' विचारलं की सगळे सौजन्यानं बोलतात : नाही हो, छानच आहे, राहूनच गेलं, प्रवासात होतो. म्हणून काही फोनांनंतर प्रश्न बदलला. "तुमच्याकडचं कोणतं झाड गेलं?" मग माणूस बोलतो. काही जण थांबतच नाहीत.

डेक्कनजवळच्या एका कुटुंबाची सोसायटी पुनर्विकासाला गेली. मागं दारात पेरू, पारिजातक, चाफा होता. आता भाड्याच्या दोन खोल्या, गॅलरीत वॉशिंग मशीन. नवीन इमारतीत बारावा मजला मिळणार. "तुमचा अंक वाचला की जुनं दार आठवायचं, म्हणून बंद केला." पुण्याच्या जुन्या वस्तीतली किती घरं या एका कारणानं आमच्या यादीतून गेली असतील! बारावा मजला म्हणजे वारा. तिथं उंच झाड नको, जड बुडाची पसरट कुंडी हवी. हे त्यांना फोनवर सांगितलं. दोन वर्षांनी ते आमचे वाचक असायला हवेत.

कर्वेनगरच्या एका गृहस्थांना सोसायटीची नोटीस आली. गच्ची गळते, कुंड्या हटवा. त्यांना आमच्याकडून एकच आकडा हवा होता : कुंडीचं वजन. वीस लिटरच्या बादलीत भिजलेली माती तीस किलोच्या पुढं जाते. तीच बादली पाला, कोकोपीट आणि खत यांच्या मिश्रणानं भरली तर बरीच हलकी पडते. असा एक तक्ता अंकात असता, तर त्यांना तो सेक्रेटरींपुढं ठेवता आला असता. नोटिशीपुढं त्यांनी हात टेकले. कुंड्या गेल्या, मग अंकही.

बाणेरच्या एक मॅडम कबुतरांवर अर्धा तास बोलल्या. प्रत्येक कुंडीत अंडी, पेरलेली मेथी उपसलेली, विष्ठेचा थर, मुलाला दमा. "तुमच्या अंकात मावा आहे, तुडतुडे आहेत, पांढरी माशी आहे. पुण्यातली सगळ्यात मोठी कीड नाहीच." याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

एका बाईंनी सांगितलं, बाग यांची होती. गेल्या वर्षी ते गेले. झाडं नातेवाइकांना वाटून टाकली.

२१ मे

वळवाच्या सरी रोजच्याच झाल्यात. मे महिन्यात पुण्यात असा पाऊस नसतो. मोगऱ्याच्या कळ्या गळल्या. गेल्या महिन्यात लावलेलं कारलं मात्र एका आठवड्यात जाळीवर चढलं.

२७ मे

मोसमी पाऊस २४ तारखेला केरळात आला, आणि काल, २६ ला, मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची मुंबईची तारीख ११ जून. मृगाची वाट बघून आखलेलं आमचं जूनचं चौथं पान रद्द.

त्याहून गंमत म्हणजे वाचकांचं मतच फिरलं. एप्रिलमध्ये आलेल्या पत्रांत बराचसा ओरडा उन्हाचा. आता पोस्टकार्डं येतायत ती कुजण्याची : मिरचीचा देठ जमिनीलगत काळा पडला, कोथिंबीर पिवळी, तुळस माना टाकतेय. एप्रिलच्या पत्रांवर विसंबून अंक काढला असता, तर पहिली दोन पानं सावलीच्या जाळीवर गेली असती आणि अंक पडत्या पावसात घरोघरी पोचला असता. वर्षातून एकदा मत घ्यायची पद्धत बागेच्या पत्रकाला उपयोगाची नाही.

आणखी एक. कुंड्यांखालच्या बश्यांत पाणी साठलंय. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी बश्याच तपासतात. आठवड्यातून एकदा बश्या ओतून, घासून, पालथ्या घालाव्या. एवढं मावशींच्या भाषेत, मोठ्या टाइपात.

३ जून

बैठक. दोन तासांची ठरली होती, चहा दोनदा झाला.

मान्य झालेलं : 'या महिन्यातली कामं' शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर, आणि अशी छापायची की कापून लावता येईल, मागच्या बाजूला महत्त्वाचं काही नको. पाणी मग आणि तांब्यांत सांगायचं. गॅलरीच्या दिशेप्रमाणे झाडांचं एक पान दर अंकात. कुंड्यांच्या वजनाचा तक्ता ऑगस्टच्या अंकात, सोसायटीला दाखवता येईल असा. कबुतरं लगेच. माकडांवर रत्नागिरीच्या गृहस्थांनीच लिहावं, असा ठराव झाला.

अमान्य : वास्तू. रंगीत फोटो, कारण पैसे नाहीत. ऑर्किडवर एक सदस्य अडून बसले होते. त्यांना विचारलं, तुमच्याकडं किती ऑर्किड जगली? विषय मिटला.

रासायनिक खताचं नावच अंकात नको, असं म्हणणारा एक गट आणि '१९:१९:१९ शिवाय मिरची येत नाही' म्हणणारा दुसरा, यांचं भांडण नेहमीप्रमाणे झालं आणि नेहमीप्रमाणे सुटलं नाही. मला विचाराल तर वाचकांच्या पत्रांत या भांडणाचा मागमूस नाही. ते बैठकीतच चालतं.

जाहिरातदाराला बोलावलं होतं. त्याला आकडा सांगितला नाही. ज्या घरी जाऊन आले, त्यांतल्या चार ठिकाणी त्याच्या दुकानातली मेथी उगवली नाही, एवढं सांगितलं. आता जाहिरात जाणार, असं सरांचं तोंड सांगत होतं. दुकानदारानं आधी विचारलं, पाकिटं कधीची होती. मग म्हणाला, "पाकिटावर तपासणीची तारीख आणि मुदत असते. ती बघून घ्यायला लिहा की अंकात. जुनी पाकिटं माझ्याकडं आणून द्या, बदलून देतो." जाहिरात राहिली. हे वाचतं कोण, हा प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही.

६ जून

अंक छपाईला गेला. सरांचा लेख अर्ध्या पानावर आणलाय, विषय : रोपवाटिकेतला मातीचा गोळा कसा मोकळा करायचा. आजींच्या समासातल्या नोंदी, त्यांना विचारून, तशाच्या तशा छापल्यात, 'गळलं' सकट. शेवटच्या पानावरची चौकट सरांनी आणि मी मिळून लिहिली. पहिला खर्डा त्यांचा होता, त्यातले 'आपणांस' आणि 'काय?' मी काढले. ती अशी :

वाचकहो, गेल्या दोन महिन्यांत तुमच्याकडचं कोणतं झाड मेलं? झाडाचं नाव, कुंडी केवढी, तिला खाली भोक आहे का, ऊन कुठल्या बाजूनं आणि किती वेळ, आणि पाणी कोण घालतं, एवढं एका पोस्टकार्डावर लिहा. पाणी घालणारं माणूस दुसरं असेल तर त्यांना विचारून लिहा. एखादं झाड आमचं न ऐकता जगलं असेल तर तेही कळवा. अंक छान आहे, हे लिहू नका. कार्डावर जागा कमी असते. पत्रं ३१ जुलैपर्यंत पोचावीत.